तळ नसलेलं पिंप

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सर आम्हाला इतिहास शिकवायचे. खडूचा तुकडा चिमटीत धरता येईनासा झाला तरी तो टाकायचे नाहीत. वार्षिक परीक्षा संपली की उत्तरपत्रिकांची कोरी राहिलेली पानं काढून, दाभणानं शिवून त्यांच्या वह्या करायचे आणि ज्यांना वही परवडत नसे त्यांना द्यायचे. त्या मुलांत मीही होतो. अशाच एका वहीत 1975च्या उन्हाळ्यात मी ‘व्हिएतनाम’ हा शब्द पहिल्यांदा लिहिला. सायगॉन पडल्याची बातमी रेडिओवर आली होती. शाळेला सुट्टी होती, तरी सरांनी आम्हा चार-पाच मुलांना पारावर बोलावलं, मातीत काडीनं नकाशा काढला आणि म्हणाले, हा देश आपल्या जिल्ह्यातल्या माणसांसारख्याच माणसांचा आहे, भात लावणाऱ्यांचा. ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

दुसरी आठवण त्याच्या तीन वर्षं आधीची आहे. 1972चा दुष्काळ. माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. एक दिवस कामावर एक साहेब आले. बायकांना एकत्र बसवून त्यांनी भाषण केलं, की देश अडचणीत आहे, प्रत्येकानं काटकसर केली पाहिजे. आई हातातला हातोडा खाली न ठेवताच म्हणाली, “साहेब, भाकरी होती ती अर्धी केली. अर्धीची चतकोर केली. आता चतकोराचं काय करू, तेवढं सांगून जा.” साहेब काही बोलले नाहीत. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

आज मी जे बोलणार आहे ते आईच्या त्या प्रश्नातून आलेलं आहे. विसाव्या शतकातल्या जवळजवळ प्रत्येक समाजवादी क्रांतीनं कष्ट आणि काटकसर हे दोन शब्द आपल्या झेंड्यावर घेतले. रशियात 1919 साली शनिवारचं बिनपगारी श्रमदान सुरू झालं, पुढे 1935मध्ये स्ताखानोव नावाच्या खाणकामगाराला साऱ्या देशापुढे नमुना म्हणून उभं केलं गेलं. चीनमध्ये येनानच्या डोंगरातल्या गुहांत पुढारी चरख्यावर सूत कातत बसले. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1939 साली पोचले ते याच येनानला. टांझानियात न्येरेरे यांनी 1967च्या आरुशा जाहीरनाम्यात सांगितलं की विकासाचा पाया पैसा नसून माणसांचे कष्ट आहेत. या सगळ्यांवर बोलायचं तर व्याख्यानमालेचे सातही दिवस मलाच लागतील. मी व्हिएतनामपुरतं बोलतो. तिथे या दोन शब्दांचं सर्वांत उजळ रूपही दिसतं आणि ते शब्द कसे काळवंडतात तेही तिथेच दिसतं. आणि सरांनी काढलेला नकाशा त्या देशाचा होता.

व्हिएतनामची क्रांती भुकेतून जन्मली. 1944च्या शरदात उत्तर भागात वादळं झाली, पूर आले, पीक गेलं. पण नुसत्या निसर्गानं एवढी माणसं मरत नाहीत. जपानी लष्करानं भाताच्या जमिनीत ताग लावायला भाग पाडलं होतं. फ्रेंच प्रशासन सक्तीनं धान्य उचलत होतं. दक्षिणेत भात भरपूर होता, इतका की तिथल्या वीजकेंद्रांत कोळशाऐवजी तो जाळला गेला. तो उत्तरेला आणायचा तर रेल्वेमार्ग आणि बंदरं दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यांत मोडलेली. मृतांचा आकडा व्हिएतनामी सरकार वीस लाख सांगतं. इतिहासकारांचे अंदाज त्याहून कमी आहेत, पण कमीतकमी म्हटले तरी ते काही लाखांत जातात. बंगालच्या दुष्काळाला तेव्हा दोन वर्षंही उलटली नव्हती. ती बंगालची चित्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हानोईच्या रस्त्यांवर काय दिसत असेल हे मी सांगायला नको.

2 सप्टेंबर 1945 रोजी क्रांतीचे नेते हो ची मिन्ह यांनी हानोईच्या बा दिन्ह चौकात स्वातंत्र्य जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाची पहिली बैठक झाली. तिच्यात त्यांनी तातडीची सहा कामं मांडली, त्यातलं पहिलं होतं भूक. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी लोकांना एक छोटं पत्र लिहिलं. त्यात सुचवलं होतं, की दर दहा दिवसांनी आपण एक जेवण सोडू, महिन्याला तीन. त्या जेवणाचा तांदूळ, प्रत्येकी एक डबाभर, उपाशी माणसांसाठी जमा करू. आणि हे मी आधी करतो, मग तुम्ही करा, असं त्यांनी त्यातच लिहिलं होतं. अशी आठवण सांगितली जाते की ठरलेल्या उपासाच्या दिवशी त्यांना उत्तरेत तेव्हा आलेल्या चिनी फौजेच्या एका सेनापतीकडचं जेवणाचं आमंत्रण टाळता आलं नाही, तेव्हा परत आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी तो उपास भरून काढला. पुढे फ्रेंचांशी युद्ध पेटल्यावर घराघरात तांदळाचं एक मडकं ठेवलं गेलं. स्वयंपाकाला तांदूळ मोजताना बाई त्यातून मूठभर काढून त्या मडक्यात टाकायची. आपल्याला हे नवं वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी सातारा भागातल्या बायकांनी जात्यावर बसताना याच मुठीनं धान्य बाजूला काढलं, आपण त्याला मुष्टिफंड म्हणतो. त्या मुठीवर शिकलेले आजोबा या सभागृहातल्या अनेकांच्या घरात असतील.

त्या पत्रातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती म्हणजे क्रम. आधी कोण उपाशी राहणार, हे त्यात लिहिलेलं आहे. माझ्या आईपुढे भाषण करणाऱ्या साहेबांच्या काटकसरीत तो क्रम नव्हता.

आता शब्दांकडे येतो. व्हिएतनामी भाषेत चार गुणांची एक जोडणी आहे: कन, किएम, लिएम, चिन. कष्टाळूपणा, काटकसर, स्वच्छ हात, सरळ वागणं. ही जोडणी क्रांतीनं निर्माण केलेली नव्हे. ती कन्फ्यूशियसच्या परंपरेतून आली, शेकडो वर्षं दरबारी अधिकारी ती पाठ करत आले. हो ची मिन्ह यांचे वडील स्वतः 1901 साली मोठी दरबारी परीक्षा उत्तीर्ण झालेले पंडित, तेव्हा मुलाच्या कानावर हे शब्द लहानपणापासून पडले असणार. 1949च्या मे-जूनमध्ये, जंगलातल्या तळावरून युद्ध चालवत असताना, त्यांनी टोपणनावानं एका वृत्तपत्रात या चार शब्दांवर लेखमाला लिहिली. शब्द जुने ठेवून त्यांनी त्यांची दिशा फिरवली. पूर्वी अधिकारी हे शब्द प्रजेला ऐकवत; आता हे अधिकाऱ्यानं स्वतःला ऐकवायचे, कारण ज्याच्या हाती सत्ता आहे त्यालाच लाच खाण्याची आणि उधळण्याची संधी आहे.

त्या लेखात एक उपमा आहे, ती माझ्या आजच्या बोलण्याचं शीर्षक झाली. नुसते कष्ट केले आणि काटकसर केली नाही तर ते तळ नसलेल्या पिंपात पाणी ओतण्यासारखं आहे. कितीही ओता, रितंच राहतं. आणि नुसती काटकसर केली, कष्ट केले नाहीत, तर आहे तेवढंच राहतं, वाढत नाही. काटकसर आणि कंजूषपणा यांतला फरकही त्यांनी तिथेच करून ठेवला. गरज नसेल तिथे एक दमडी खर्चायची नाही, पण लोकांच्या भल्याचं काम असेल तर सगळं ओतावं लागलं तरी हात आखडायचा नाही. आपल्याकडे पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकवणाऱ्या बापाला कुणी कंजूष म्हणत नाही. हे तेच आहे.

वेळेचीही काटकसर त्यात आली. आठला बोलावलेली बैठक दहाला सुरू करणारा माणूस शंभर जणांचे दोन-दोन तास खातो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. 1952 साली उत्पादनवाढ आणि काटकसरीची मोहीम सुरू झाली तेव्हा त्यांनी उधळपट्टीला भ्रष्टाचाराच्या शेजारी बसवलं. चोरणारा चोरतो आणि उधळणारा चोरत नाही, पण लोकांच्या गाठीचं जातं ते दोघांमुळेही. आपल्या सरकारी कार्यालयांत आजही लाच घेणारा निलंबित होतो. धान्य कोठारात सडू देणाऱ्याची फक्त बदली होते.

हे सगळं बोलणं सोपं असतं. त्याची परीक्षा 1950 साली झाली. त्रान झू चाऊ नावाचा एक कर्नल सैन्याच्या पुरवठा खात्याचा प्रमुख होता. सैनिकांना कपडे, पांघरुणं, औषधं पुरवणं हे त्याचं काम. मलेरियानं फणफणलेले सैनिक पांघरुणाशिवाय जंगलात झोपत होते, आणि हा गृहस्थ त्यांच्या वाट्याचा पैसा खात होता. आपल्या हाताखालच्या एका अधिकाऱ्याचं लग्न त्यानं थाटामाटात लावलं, मेजवानी घातली. तिथे दोआन फू तू नावाचे कवी हजर होते, ते राष्ट्रीय सभेचे सदस्यही होते. त्यांना काहीतरी म्हणून दाखवायचा आग्रह झाला. त्यांनी उपाशी, कुडकुडणाऱ्या सैनिकांची आठवण करून देणाऱ्या दोन ओळी जागच्या जागी रचून म्हटल्या. मेजवानीचा रंग उतरला, आणि कर्नलच्या एका माणसानं कवीच्या थोबाडीत मारली. कवीनं हो ची मिन्ह यांना पत्र लिहिलं. चौकशी झाली, सप्टेंबर 1950मध्ये थाय न्गुयेन इथे लष्करी न्यायालयात खटला चालला, मृत्युदंड झाला. दयेचा अर्ज हो ची मिन्ह यांच्याकडे गेला, त्यांनी तो नामंजूर केला.

मी मृत्युदंडाचा समर्थक नाही. माणूस मारून व्यवस्था स्वच्छ होते यावर माझा विश्वास नाही. पण ज्या राज्यानं उपाशी बाईकडून मूठभर तांदूळ मागितला होता, त्या राज्याला आपल्या कर्नलकडे डोळेझाक करता आली नाही, एवढं या प्रकरणात दिसतं. त्या बाईच्या मुठीची जबाबदारी कुणीतरी घेतली होती.

आता दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय मी खाली बसलो तर सरांना आवडणार नाही.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नव्या सरकारच्या तिजोरीत साडेबारा लाख दोंगांच्या आसपास रक्कम होती, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या नोटा फाटक्या होत्या. म्हणून 17 ते 24 सप्टेंबर 1945 हा ‘सुवर्ण सप्ताह’ जाहीर झाला. लोकांनी अंगठ्या, कानातलं, बायकांनी लग्नातले दागिने आणून दिले. 370 किलो सोनं आणि दोन कोटी दोंग जमा झाले. त्यातलं काही उत्तरेत येऊन बसलेल्या चिनी सेनापतींच्या नजराण्यांत गेलं, असंही इतिहासकार नोंदवतात. दुबळ्या राज्याला अशी किंमत मोजावी लागते. या सप्ताहात न्गुयेन थी नाम नावाच्या एका व्यापारी बाईंनी शंभरावर तैल सोनं दिलं. तैल म्हणजे साडेसदतीस ग्रॅम, आपल्या तोळ्याच्या तिप्पटीहून थोडं अधिक. हायफाँगमध्ये त्यांचा लोखंडाचा आणि जहाजवाहतुकीचा व्यवसाय होता, थाय न्गुयेनमध्ये मळे होते. त्यांनी क्रांतिकारकांना घरात आसरा दिला, त्यांची मुलं सैन्यात होती.

1953 साली जमीन सुधारणा सुरू झाली. चिनी सल्लागार आले होते, प्रत्येक गावात किती जमीनदार सापडले पाहिजेत याचं प्रमाण ठरत होतं. जुलै 1953मध्ये न्गुयेन थी नाम यांना जमीनदार म्हणून भर सभेत दोषी ठरवून गोळी घालण्यात आली. त्या मोहिमेत गोळी लागलेल्या पहिल्या काही माणसांत त्या होत्या. एका बाईला पहिली गोळी घालणं हो ची मिन्ह यांना पटलं नव्हतं, असं सांगितलं जातं. पण गोळी थांबली नाही. ज्यांच्या शब्दाखातर लोक जेवण सोडत, त्यांच्या शब्दानं ती थांबली नाही, आणि याचा दोष मी त्यांच्याकडून काढून घेणार नाही.

1956च्या ऑगस्टमध्ये हो ची मिन्ह यांनी देशाला पत्र लिहून चुका मान्य केल्या. त्या शरदात सत्ताधारी पक्षाचे सरचिटणीस त्रुओंग चिन यांना पद सोडावं लागलं. अन्याय झालेल्या हजारोंची नावं जमीनदारांच्या यादीतून काढली गेली. मेलेले परत आले नाहीत.

हे मी का सांगतो आहे? कष्ट आणि काटकसर यांतून जे साठतं त्याचं काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर क्रांतीकडे तयार नव्हतं. थाय न्गुयेनच्या खेड्यातल्या एखाद्या शेतकऱ्यानं दोन म्हशी राखल्या, पाऊण एकर जास्तीचं घेतलं, सुगीला एक गडी लावला. हे त्यानं राबून आणि पोटाला चिमटा घेऊन केलं होतं. आदर्श माणूस तो हाच. आणि वर्गवारी करणारं पथक गावात आलं की संशयित तोही हाच. पिंपाला तळ बसवणाऱ्यालाच विचारलं जाऊ लागलं, की तुझ्या पिंपात पाणी कसं?

तरीही त्याच वर्षांत याच माणसांनी जे कष्ट केले त्यापुढे मान खाली जाते. फ्रेंचांविरुद्धची 1954ची दिएन बिएन फूची लढाई आपण तोफांची लढाई म्हणून वाचतो. मला ती तांदळाच्या हिशेबाची लढाई वाटते. खांद्यावर कावड घेतलेला माणूस डोंगरातून फार तर वीस-पंचवीस किलो वाहतो. रोज जवळजवळ किलोभर स्वतः खातो. दहा दिवस जायला, दहा दिवस यायला. म्हणजे तो स्वतःचंच जेवण वाहून नेतो, सैनिकाच्या हाती काय पडणार? यावर तोड निघाली ती सायकलची. हँडलला बांबू बांधून ते लांब करायचं, सीटच्या जागी एक उभा दांडा खोवायचा, चौकटीला दोन्ही बाजूंनी पोती लटकवायची, आणि माणसानं बाजूनं चालत सायकल ढकलायची. एका सायकलवर दोनशे किलो आणि त्याहून जास्त. अडीच लाखांहून अधिक साधी माणसं आणि वीस हजारांच्या आसपास सायकली त्या डोंगरात राबल्या. त्यातल्या पुष्कळ सायकली फ्रेंच बनावटीच्या होत्या. त्या लोकांना कुणी मजुरीचा दर सांगितला नव्हता. युद्ध संपल्यावर जमीन आपली होईल, एवढं त्यांना ठाऊक होतं.

जमीन झाली, आणि चार-पाच वर्षांत सामुदायिक शेतीत गेली. 1960 संपेपर्यंत उत्तरेतले बहुतांश शेतकरी सहकारी संस्थांत आलेले होते. आता दिवसाच्या कामाला गुण मिळू लागले. नांगरटीला इतके, लावणीला इतके, शेण वाहण्याला इतके. हंगामाच्या शेवटी गुण मोजून भात वाटायचा. आपल्या भाषेत सद्गुणालाही गुण म्हणतात आणि परीक्षेतल्या मार्कांनाही. व्हिएतनामच्या खेड्यात दुसऱ्या अर्थानं पहिल्याला हुसकून लावलं. नांगर वरवर फिरवला तरी गुण तेवढेच, खोल घातला तरी तेवढेच. शेण विखरून पसरलं काय आणि बांधावर ओतून दिलं काय. दिएन बिएन फूच्या वाटेवर सायकल ढकलणारा माणूस आळशी झाला, असं मी म्हणणार नाही. त्याच माणसाला घरामागे भाजीपाल्यासाठी एकूण जमिनीतला पाच टक्के तुकडा राखून दिलेला होता. त्या तुकड्यावर तो पहाटे आणि अंधार पडल्यावर राबत होता, आणि घरातली भाजी, डुकरं, कोंबड्या, हातातला रोख पैसा बराचसा तिथूनच येत होता. कष्ट तिथेच होते. कुठे करायचे हे त्यानं ठरवलं होतं.

हे ज्याला दिसलं त्या माणसाचं नाव किम न्गोक. विन्ह फुक प्रांताचा पक्षसचिव. शेतकऱ्याच्या घरचा, जमिनीवर चालणारा माणूस. 1966च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या प्रांतिक समितीनं एक ठराव केला. शेतीतली कामं कुटुंबाकडे ठरवून द्यायची, ठरलेला वाटा संस्थेला, वरचं कुटुंबाचं. अमेरिकेशी युद्ध चालू होतं, तिचे बॉम्ब पडत होते, तरुण आघाडीवर गेले होते, शेतं बायकांच्या हाती होती. त्या काळात विन्ह फुकचं उत्पादन वाढलं. दोन वर्षांनी, 1968 साली, वरून कडक टीका झाली, की ही खासगी शेतीची वाट आहे. टीकेचा पुढाकार त्रुओंग चिन यांचा होता, 1956 साली ज्यांना पद सोडावं लागलं होतं त्याच त्रुओंग चिन यांचा. किम न्गोकनं चूक कबूल केली, ठराव मागे घेतला. 1979 साली तो वारला.

तो जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, 1981च्या जानेवारीत, पक्षानं देशभर त्याच धर्तीची पद्धत अधिकृत केली. 1988च्या एप्रिलमध्ये कुटुंबाला शेतीचा मूळ घटक मानणारा ठराव आला. त्याच वसंतात उत्तरेत पुन्हा उपासमार झाली होती, धान्य बाहेरून मागवावं लागत होतं. पुढच्याच वर्षी, 1989 साली, त्या देशानं दहा लाख टनांहून जास्त तांदूळ निर्यात केला. जमीन तीच होती आणि माणसंही तीच. आणि ज्या 1986 सालानं हा सगळा बदल रुळावर आणला, त्या वर्षी पक्षाच्या सर्वोच्च पदी काही महिने कोण होतं? त्रुओंग चिन. म्हाताऱ्या वयात गावोगाव फिरून त्यांनी पाहिलं आणि मत बदललं. माणसाला उशिरा कळतं, हे मी समजू शकतो. पण त्या उशिराच्या वीस वर्षांत किती बायकांनी किती चतकोर मोडले असतील, हा हिशेब कुठल्याही ठरावात नाही.

त्या वीस वर्षांतल्या शेवटच्या दहांबद्दल दोन शब्द. 1976 ते 1986 या काळाला तिथले लोक रेशनचा काळ म्हणतात. अमेरिकेची व्यापारबंदी होती, कंबोडियात सैन्य अडकलं होतं, 1979 साली चीननं हल्ला केला होता. सगळा दोष धोरणावर टाकणं अन्यायाचं होईल. तांदूळ, मांस, कापड, रॉकेल सगळं कुपनावर. पहाटे दुकानापुढे रांग लागे, आणि स्वतः उभं राहता येत नसेल तर माणसं आपल्या नावाची वीट रांगेत ठेवून जात. साध्या कार्यालयीन कर्मचाऱ्याला महिन्याला तेरा किलो धान्य. त्यातही तांदूळ थोडा, बाकी ‘बोबो’ नावाचे परदेशातून आलेले कडक दाणे. लोक ते भातासारखे अख्खे शिजवत, तासन्‌तास शिजवूनही ते चावता येत नसत. आज तिथल्या साठीच्या माणसापुढे बोबोचं नाव काढलं तर तो तोंड फिरवतो.

हे बोबो म्हणजे बहुतांशी ज्वारीच्याच जातीचं धान्य होतं हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. 1972 साली आमच्या घरी अमेरिकेतून आलेला लाल मिलो यायचा, तोही ज्वारीचाच भाऊ. आई त्याची भाकरी थापायची, ती तव्यावर फाटायची. आम्ही खायचो. त्या देशात भाकरी माहीत नव्हती म्हणून त्यांनी अख्खे दाणे गिळले.

पण तुटवड्यानं मन मोडत नाही. लोकांनी युद्धात याहून वाईट दिवस काढले होते. मन मोडलं ते हानोईतल्या तोन दान रस्त्यावर. तिथे वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी वेगळं दुकान होतं. मधल्या फळीसाठी दुसरीकडे दुसरं. कुपनांना अक्षरं होती, अक्षराप्रमाणे मांस कमीजास्त. भिंतींवर काटकसरीचे फलक तसेच होते. 1945च्या पत्रातला क्रम उलटा झाला होता, आणि रांगेत वीट ठेवून गेलेल्या बाईला तो उलटा झालेला स्पष्ट दिसत होता.

शेवटी हो ची मिन्ह यांच्याकडेच परत जातो. 1954 साली हानोईला परतल्यावर गव्हर्नर-जनरलच्या महालात राहायला त्यांनी नकार दिला आणि आवारातल्या एका इलेक्ट्रिशियनच्या घरात राहिले. 1958पासून लाकडी खांबांवरच्या दोन खोल्यांत, जवळजवळ शेवटपर्यंत. टायरच्या रबराच्या चपला घालत. हा साधेपणा राज्यानं प्रचारासाठी भरपूर वापरला, टोपणनावानं स्वतःचं चरित्र त्यांनी स्वतःच लिहिलं असंही अभ्यासक दाखवतात. मला त्यानं त्या दोन खोल्या मोठ्या वाटत नाहीत की छोट्याही वाटत नाहीत. ते तिथे राहिले.

1965पासून दर मे महिन्यात, वाढदिवसाच्या सुमारास, ते आपलं मृत्युपत्र काढून बसत आणि दुरुस्त करत. त्यात मागणं असं होतं, की मोठी अंत्ययात्रा काढून लोकांचा वेळ आणि पैसा वाया घालवू नका. दहन करा, म्हणजे शेतजमीन अडणार नाही. राख तीन भागांत वाटून उत्तर, मध्य आणि दक्षिणेतल्या टेकड्यांवर पुरा. तिथे पुतळा नको, दगड नको; येणाऱ्यानं एक झाड लावावं. आणि 1968मध्ये एक ओळ वाढवली, की युद्ध जिंकल्यावर शेतकऱ्यांच्या संस्थांना एका वर्षाचा शेतसारा माफ करा.

2 सप्टेंबर 1969 रोजी ते गेले. तो स्वातंत्र्यदिन होता, म्हणून तारीख 3 सप्टेंबर सांगितली गेली. प्रसिद्ध झालेल्या मृत्युपत्रातून दहनाचा भाग आणि शेतसाऱ्याची ओळ गाळलेली होती. देह जतन केला गेला, 1975मध्ये बा दिन्ह चौकात ग्रॅनाइटची समाधी उभी राहिली, आणि आजही लोक रांगेनं आत जातात. 1989 साली, वीस वर्षांनी, पक्षानं खरी तारीख आणि गाळलेला मजकूर जाहीर केला. त्यानंतर करमाफी हप्त्याहप्त्यानं अमलात आली.

मृत्युपत्राचं सर्वांत शेवटी लिहिलेलं पान 1969च्या मे महिन्यातलं आहे. ते त्यांनी हातानं लिहिलं, वृत्तसंस्थेकडून आलेल्या एका बातमीपत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर. पुढच्या बाजूला 3 मेच्या बातम्या छापलेल्या आहेत.